परसबाग : एक नांव, दोन शेंगा

नंदुरबारकडील एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे : "बाजारांतून ‘ब्रॉड बीन’ या नांवाचें बियाणें आणून पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें दिवाळीच्या सुमारास पेरिलें. झाड ताठ उभें राहतें, त्यास मांडव लागत नाहीं, असें पुस्तक म्हणतें. आमचीं रोपें मात्र वेलासारखीं भिंतीकडे धांवूं लागलीं, हातभर वाढून फुललींही, आणि शेंगा काय त्या मूठभर मिळाल्या. चूक खतांत झाली कीं पाण्यांत ?"

चूक खतांत नाहीं आणि पाण्यांतही नाहीं; ती नांवांत आहे. ‘ब्रॉड बीन’ हें इंग्रजी नांव आपल्या देशांत दोन निराळ्या वनस्पतींना लावण्यांत येतें. इंग्रजी पुस्तकांतील ब्रॉड बीन म्हणजे बाकला. वनस्पतिशास्त्रांत त्यास ‘व्हिसिया फाबा’ म्हणतात. तो मूळचा पश्चिम आशिया व भूमध्यसमुद्राच्या बाजूचा. आपल्या देशांत बिहार, उत्तर प्रदेश वगैरे उत्तरेकडील प्रांतांत तो हिंवाळ्यांत पिकवितात. आपल्या बाजारांत मात्र त्याच इंग्रजी नांवानें पुष्कळदां वालाचें बीं विकलें जातें. वालाचें शास्त्रीय नांव ‘लॅबलॅब पर्प्युरियस’. पापडी, पावटा, वालघेवडा हे सारे याच घरचे. दोघेही शेंगांच्या मोठ्या कुळांतले खरे. परंतु त्यांचें नातें मटार आणि चवळी यांच्याइतकें दूरचें आहे. बाकला मटाराच्या बाजूचा आणि वाल चवळीच्या बाजूचा.

हा घोळ एका हंगामाच्या भाजीपुरताच असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. परंतु यांतील एक शेंग कांहीं थोड्या माणसांना अतिशय घातक ठरते आणि दुसरी तशी नाहीं. म्हणून पेरण्यापूर्वीं आणि रांधण्यापूर्वीं दोहोंची ओळख पटलेली बरी.

ओळख

पुडीवर काय छापलें आहे तें बाजूस ठेवून बीं तळहातावर घ्यावें. वालाचें बीं पांढरें, तांबूस, तपकिरी किंवा काळें, कोणत्याही रंगाचें असो. त्याच्या एका कडेवर पांढऱ्या मेणाची रेघ ओढावी तसा लांबट उंचवटा दिसतो. ही पांढरी रेघ हीच वालाची खूण. बाकल्याच्या बियाला अशी रेघ नसते. तें चपटें व थोडें ओबडधोबड असतें, आणि त्याचा डोळा एका टोकाशीं असून पुष्कळदां काळा असतो.

बियांत फसगत झालीच तर रोप खरें सांगतें. वाल उगवतांना बियांच्या दोन्ही डाळिंब्या मान वर काढून मातीबाहेर येतात. बाकल्याच्या डाळिंब्या जमिनींतच राहतात व केवळ कोंब वर येतो. पुढें वालाला तीन-तीन पर्णिकांचें पान येतें व शेंडा आधार शोधूं लागतो. बाकल्याचा देठ चौकोनी व आंतून पोकळ असतो, पानें राखट हिरवीं असून त्यांच्या पर्णिका जोडीजोडीनें येतात, आणि मटाराला असतात तसे ताणे त्याला नसतात. फूल पांढरें व त्यावर काळा ठिपका, जणू कोणी तीट लावली आहे. ही ओळख मुलांना एकदां करून द्यावी. तीं मग आपल्या आधीं सांगूं लागतात.

वाल : आषाढांतला

आमच्या वाचक भगिनींचें बीं वालाचें होतें, हें उघड आहे. त्यांना शेंगा कां मिळाल्या नाहींत ? वालाच्या जुन्या जातींना दिवस लहान होऊं लागल्याखेरीज फूल येत नाहीं. आषाढांत लाविलेला आणि भाद्रपदांत लाविलेला वाल यामुळें जवळजवळ एकाच सुमारास फुलतो. भेद इतकाच कीं, पहिल्यानें तोंवर मांडव झांकलेला असतो आणि दुसरा हातभरच असतो. दिवाळीनंतर पेरिलेल्या वालाला तर वाढण्यास सवडच मिळत नाहीं. उगवतांच दिवस लहान, म्हणून तो लगेच फुलतो; वर थंडी, म्हणून वाढ खुंटते. फुलें आलीं तरी शेंगा धरण्यास वेल कोठें आहे ?

म्हणून वाल पावसाळ्याच्या प्रारंभीं लावावा. नंदुरबार, शहादें व तळोदें या तापीकांठच्या तालुक्यांत काळी भारी जमीन आहे. ती ओल धरून ठेवते हा तिचा गुण. परंतु श्रावणांत झड लागली म्हणजे तिच्यांत पाणी तुंबतें आणि मुळें गुदमरतात. नवापूरकडे पाऊस याहून अधिक. यास्तव खड्डा हातभर खोल घ्यावा, कुजलेलें शेणखत व माती यांनीं तो भरावा, आणि वर वीतभर उंच ढीग करून त्या ढिगावर बीं टोंचावें. एका ठिकाणीं तीन-चार बिया, बोटाच्या एका पेरापेक्षां अधिक खोल नको. उगवल्यावर दोन जोमदार रोपें ठेवून बाकीचीं काढावींत. दोन आळ्यांमध्यें पांच-सहा फूट अंतर असावें. दहा-बारा माणसांच्या घराला अशीं चार आळीं पुरतात. त्यांहून अधिक लाविल्यास शेजाऱ्यांना वाटण्याची तयारी ठेवावी.

मांडव आधीं घालावा आणि बीं मग पेरावें. वेल लोंबूं लागल्यावर बांबू शोधावयास निघणें हें लग्नघटका आल्यावर अंतरपाट शोधण्यासारखें आहे. खानदेशांत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची वाण नाहीं. वेल मांडवापर्यंत चढविण्यास त्या उत्तम. शेणखत एकदां घातल्यावर पुनःपुनः देऊं नये. खताच्या लोभानें पानें माजतात आणि फुलें रुसतात.

फुलोरा आश्विन-कार्तिकांत येतो. चातुर्मासाच्या अखेरच्या महिन्यांत द्विदल वर्ज्य करण्याचें व्रत कांहीं घरांतून अजून पाळितात. तें तुळशीच्या लग्नापाशीं संपतें आणि मार्गशीर्षांत मांडवाला शेंगा लोंबूं लागतात. तेथून फाल्गुनापर्यंत तोडणी चालते. शेंग कोंवळी असतांनाच तोडीत गेल्यास वेल नवा फुलोरा धरतो. जून शेंगा वेलावर राहिल्या कीं तो आपलें काम झालें असें समजून थांबतो.

ज्यांच्या परसांत मांडवास जागा नाहीं त्यांच्यासाठीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘कोंकण भूषण’ ही बुटकी जात आहे. तिला मांडव लागत नाहीं व दिवसाच्या लहानमोठेपणाचें बंधनही नाहीं. मांडवावर चढणाऱ्या जातींत राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘फुले गौरी’ पुष्कळ ठिकाणीं लाविली जाते. परंतु घरांत आजेसासूच्या वेळेपासून चालत आलेलें बीं असेल तर तें टाकून नवें आणूं नये. दोन्ही लावून तुलना करावी.

बाकला : दिवाळीचा

आतां पुस्तकांतला खरा ब्रॉड बीन. ज्यांस तो लावावयाचा असेल त्यांनीं बिहार-उत्तर प्रदेशाकडील बियाणें किंवा दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेची ‘पुसा सुमीत’ ही जात मिळवावी.

बाकल्याला थंडी हवी. हवा गरम झाली कीं त्याचीं फुलें शेंग न धरतांच गळतात. नंदुरबारच्या सपाटीवर आश्विनांत ऊन कडक असतें आणि फाल्गुनांत पुन्हां उन्हाळ्याची चाहूल लागते. मधल्या चार महिन्यांत त्याचा सारा संसार उरकावा लागतो. पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. म्हणजे डिसेंबर-जानेवारींत, संक्रांतीच्या मागेंपुढें, ऐन थंडींत फुलोरा सांपडतो, फेब्रुवारींत शेंगा मिळतात, आणि होळीपूर्वीं वाफा मोकळा होतो. अक्राणी तालुक्यांत तोरणमाळाचें पठार साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. तेथें व सातपुड्याच्या इतर उंच गांवीं थंडी अधिक टिकते; त्यामुळें तेथें बाकल्याला सपाटीपेक्षां चार आठवडे अधिक मिळावेत, असें आमचें अनुमान आहे.

काळी जमीन बाकल्याला मानवते. किंचित् चुनखडीची जमीनही त्याला चालते. वाफा भुसभुशीत करून कुजलेलें खत व थोडी चुलीची राख मिसळावी. आधीं पाणी द्यावें, वाफसा येऊं द्यावा, आणि मग दोन बोटें खोल बीं टोंचावें. पेरून लगेच पाणी सोडल्यास काळी माती वरून पापुद्र्यासारखी घट्ट होते व मोठें बीं आंतच कुजतें. ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत वीतभर अंतर असावें. दहा-दहा फुटांच्या दोन ओळी हौसेला पुरेशा आहेत. रोप कमरेइतकें झालें म्हणजे ओळीच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवून भोंवतीं सुतळी फिरवावी; देठ पोकळ असल्यानें वाऱ्यानें तो कलतो.

पाणी आठ-दहा दिवसांनीं, तेंही माती बोट घालून पाहून. फुलोऱ्यांत व शेंगा भरतांना मात्र ओल तुटूं देऊं नये. पहिल्या शेंगा बोटाएवढ्या झाल्या कीं प्रत्येक झाडाचा कोंवळा शेंडा खुडून टाकावा. काळा मावा प्रथम याच शेंड्यावर बसतो. शेंडा गेला कीं माव्याचें बिऱ्हाड मोडतें आणि झाडाचा रसही शेंगांकडे वळतो. याउपर मावा दिसल्यास सकाळीं पाण्याच्या फवाऱ्यानें तो झाडून काढावा. तरीही न हटल्यास पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर एक लिटर पाण्यांत भिजवावा, गाळून घ्यावा आणि संध्याकाळीं फवारावा. पाठीवर ठिपके असलेले लाल ढालकिडे माव्यावरच जगतात. त्यांना मारूं नये.

मुळांवरच्या गांठी

शेंगांचीं झाडें हवेंतील नत्र जमिनींत आणतात हें आतां शाळेंतील मुलेंही सांगतात. परंतु तें काम झाडाचें नसून मुळांवरच्या गांठींत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचें आहे, आणि हे जंतू प्रत्येक झाडाशीं घरोबा करीत नाहींत. वालाला चवळी, मूग, तूर यांच्याबरोबरचे जंतू चालतात. ते आपल्या जमिनींत पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. बाकल्याला मात्र मटार व मसूर यांच्या मुळांवरचे जंतू हवेत. ज्या वाफ्यांत पूर्वीं मटार झाला असेल तेथें बाकला लावावा. नाहीं तर मटाराच्या जुन्या वाफ्यांतील टोपलीभर माती आणून नव्या वाफ्यांत मिसळावी. खर्च कांहीं नाहीं आणि लाभ डोळ्यांना दिसतो.

तो पाहावयाचा असल्यास दीड महिन्यानें एक रोप हलकेंच उपटून मुळांवरची गांठ नखानें फोडावी. आंतून ती गुलाबी निघाली तर काम चाललें आहे. पांढरी निघाली तर जंतू बसलेले नाहींत. हंगाम संपल्यावर झाड उपटूं नये. जमिनीशीं कापून मुळें आंतच राहूं द्यावींत.

ताटांत वाढण्यापूर्वीं

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिला तो मुद्दा. बाकला हें जगांतील फार जुनें अन्न आहे. मिसर देशांत शिजविलेल्या बाकल्याची न्याहरी आजही घरोघर होते. तरी कांहीं माणसांना तो सोसत नाहीं, आणि हें ‘न सोसणें’ म्हणजे पोट दुखणें नव्हे. आपल्या तांबड्या रक्तपेशींना जपणारें एक पाचकद्रव्य आहे. डॉक्टर त्यास ‘जी-सिक्स-पीडी’ म्हणतात. तें ज्यांच्या रक्तांत जन्मतःच कमी असतें त्यांनीं बाकला खाल्ल्यास त्यांतील ‘व्हायसिन’ व ‘कॉन्व्हायसिन’ या द्रव्यांमुळें रक्तपेशी भराभर फुटूं लागतात. बहुधा एकदोन दिवसांत माणूस पांढराफटक पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहासारखी होते, ताप व ग्लानि येते. अशा वेळीं घरगुती उपचारांत एक घटकाही न दवडतां रुग्णालय गांठावें आणि बाकला खाल्ला होता हें डॉक्टरांना आपण होऊन सांगावें. लहान मुलांत हा विकार प्राणावर बेततो.

या कमतरतेचा उलगडा १९५६ सालीं झाला. प्रायमाक्वीन या मलेरियाच्या औषधानें कांहींच माणसांचें रक्त कां मोडतें, याचा शोध घेत असतां शास्त्रज्ञांना ती सांपडली. हा दोष आईकडून येतो व मुलग्यांत अधिक प्रकट होतो. आपल्या देशांत तो अनेक समाजांत कमीअधिक प्रमाणांत आढळतो. अमुक जात त्यांतून सुटली असें कोणीं मानूं नये. नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत सिकलसेल हा रक्तदोष पुष्कळ आढळतो. तो निराळा आहे. एकाची तपासणी झाली म्हणजे दुसऱ्याची झाली, असें होत नाहीं.

म्हणून बाकला पेरण्यापूर्वीं घरांतील वडील स्त्रियांनीं थोडी विचारपूस करावी. जन्मल्यावर कोणा मुलाला मोठी कावीळ झाली होती काय ? मलेरियाच्या गोळ्यांनीं कोणाची लघवी काळी झाली होती काय ? आजोळच्या कोणा पुरुषाला असा त्रास होता काय ? एका प्रश्नाचेंही उत्तर ‘होय’ आलें तर रक्ताची साधी तपासणी होईपर्यंत त्या घरानें बाकला लावूंच नये. अंगावर पाजणाऱ्या आईनें खाल्लेला बाकलाही दुधावाटे अशा बाळास बाधल्याचीं उदाहरणें आहेत. शिजविल्यानें हा दोष जाईल असा भरंवसा नाहीं, आणि कोंवळ्या ताज्या दाण्यांत तीं द्रव्यें वाळलेल्या दाण्यांहून अधिक असतात. ज्यांना हा विकार आहे त्यांच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्याही ठेवूं नयेत; त्यांतील नॅप्थॅलीननें हाच परिणाम होतो.

आणि येथेंच नांवाचा घोळ पुन्हां आडवा येतो. डॉक्टरांच्या कागदावर ‘फावा बीन’ किंवा ‘ब्रॉड बीन’ वर्ज्य, असें लिहिलेलें असतें. त्याचा अर्थ वाल समजून घरांतून वालाची उसळ हद्दपार होते. आणि पुढें कोणी हौसेनें बाकल्याच्या शेंगा आणल्या तर त्या ‘निराळी भाजी’ म्हणून त्याच मुलाला वाढल्या जातात. जें खाण्यास हरकत नव्हती तें बंद, आणि जें वर्ज्य तें ताटांत !

वालाचा दोष वेगळा आहे व तो चुलीवर जातो. वाळलेला वाल कच्चा खाऊं नये. त्यांत पचनास अडथळा करणारीं व विषारी द्रव्यें असतात. आपल्या आज्या वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून, मगच डाळिंब्या शिजवीत. त्या रीतींत चवीबरोबर शहाणपणही होतें. भिजवणाचें पाणी टाकून द्यावें आणि डाळिंब्या बोटचेप्या होईपर्यंत शिजवाव्यात. मोड आलेलीं इतर कडधान्यें कच्चीं खाण्याची हल्लींची चाल वालाला लावूं नये.

बियाणें

वालाच्या पहिल्या बहरांतील दोन उत्तम वेल खूण बांधून बियांसाठीं राखावेत. शेंगा वेलावरच वाळूं द्याव्यात, सोलून चार दिवस उन्हांत तापवाव्यात, आणि थंड झाल्यावर चाळलेल्या राखेंत मिसळून बंद बरणींत भराव्यात. म्हणजे भुंगा लागत नाहीं. वालाचें फूल बहुतांशीं स्वतःच्याच परागानें फळतें, त्यामुळें जात शुद्ध राहते. बाकल्याकडे मधमाशा फार येतात व जातींची सरमिसळ होते. म्हणून त्याची एका परसांत एकच जात लावावी.

शेवटची सूचना लहान आहे. दोन्ही बियांच्या बरण्या वेगळ्या फळीवर ठेवाव्यात आणि त्यांवर चिठ्ठी मराठींत चिकटवावी. एकीवर ‘वाल : आषाढ, मांडव’, दुसरीवर ‘बाकला : दिवाळी, मांडव नको, वाढण्यापूर्वीं विचारावें’. ‘ब्रॉड बीन’ हे शब्द त्या फळीवर कोठेंही नसावेत.